कुठल्या सालच्या नाझींशी तुलना?

२ मे २०२५ रोजी जर्मनीच्या अंतर्गत गुप्तचर कार्यालयाने देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाला ‘निश्चितपणे अतिउजवा’ ठरवलं. हा पक्ष म्हणजे ‘आल्टरनाटिव्ह फ्युअर डॉइचलांड’, म्हणजे ‘जर्मनीसाठी पर्याय’. वर्तमानपत्रं त्याला एएफडी म्हणतात. जेमतेम दोन महिने आधी, फेब्रुवारीतल्या निवडणुकीत या पक्षाला २०.८ टक्के मतं आणि १५२ जागा मिळाल्या होत्या. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी या निर्णयाला छुपी जुलूमशाही म्हटलं. अतिउजव्यांना वेळीच रोखावं लागतं हे आम्ही आमच्याच इतिहासातून शिकलो आहोत, असं उत्तर जर्मन परराष्ट्र खात्याने दिलं. पक्ष कोर्टात गेला, आणि निकाल लागेपर्यंत हा शिक्का वापरणार नाही असं त्या कार्यालयाने आठवड्याभरातच मान्य केलं.

अशा बातमीवर दोन सूर हमखास लागतात. एक म्हणतो, हे नवे नाझीच आहेत, पुरावा कसला मागता? दुसरा म्हणतो, जो आवडत नाही त्याला हिटलर म्हणायची ही खोडच आहे. दुसऱ्या सुरात तथ्य नाही असं नाही. ऑनलाइन वाद लांबत गेला की कुणीतरी कुणालातरी नाझी म्हणणार हे जवळजवळ ठरलेलं असतं, असा नियमच अमेरिकेतल्या माइक गॉडविन यांनी १९९० मध्ये मांडला होता. पण तुलनेचा सर्रास गैरवापर होतो म्हणून तुलना करायचीच नाही, हेही पटत नाही. एवढी मोठी वाताहत होऊन गेल्यावर तिच्याकडे पाहून आज काही ओळखायचंच नसेल, तर तो इतिहास शिकायचा कशाला?

म्हणून तुलना नीट कशी करायची ते पाहू. हातात उदाहरण जर्मनीचंच घेऊ, कारण हा प्रश्न तिथे रोज कोर्टात, विधानसभेत आणि रस्त्यावर विचारला जातो.

मुळात नाझी म्हणजे कोण

जानेवारी १९१९ मध्ये म्युनिकमध्ये एक छोटासा कामगार पक्ष निघाला. वर्षभराने त्याने नाव बदललं आणि २४ फेब्रुवारी १९२० रोजी एका बिअर हॉलमध्ये २५ कलमांचा कार्यक्रम जाहीर केला. तो वाचून दाखवणारा माणूस होता अडॉल्फ हिटलर. पक्षाच्या लांबलचक नावातल्या ‘नात्सिओनाल’ या शब्दावरून लोक त्यांना नाझी म्हणू लागले.

या २५ कलमांतलं चौथं कलम सगळ्यांत महत्त्वाचं आहे. जर्मन रक्ताचाच माणूस देशाचा नागरिक होऊ शकतो, म्हणून कुठलाही ज्यू नागरिक होऊ शकत नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. पाचवं कलम म्हणतं, जो नागरिक नाही त्याने जर्मनीत पाहुणा म्हणून राहावं. बाकीच्या कलमांत जमीनसुधारणा आहे, पेन्शन आहे, मोठ्या दुकानांवर राग आहे. सत्तेत आल्यावर त्यातलं बरंचसं बाजूला पडलं. चौथं कलम मात्र १९३५ मध्ये न्यूरेंबर्गच्या कायद्यांच्या रूपाने जसंच्या तसं उतरलं. ‘देशाचा माणूस’ आणि ‘पूर्ण हक्काचा नागरिक’ अशा दोन पायऱ्या त्या कायद्याने पाडल्या आणि ज्यूंना खालच्या पायरीवर ढकललं.

इटलीतला मुसोलिनीचा फॅसिझम हा याचा थोडा आधीचा भाऊ. एकच नेता, एकच पक्ष, गणवेशातली झुंडशाही, लोकशाहीचा तिटकारा हे दोघांतही होतं. पण नाझींच्या विचाराचा गाभा वंश हाच होता. मुसोलिनीने वंशाचे कायदे केले ते १९३८ मध्ये, सत्तेत सोळा वर्षं काढल्यावर.

पहिला प्रश्न: कुठलं साल?

‘नाझी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऑशविट्झ येतं. म्हणजे १९४२ च्या पुढचा काळ. ज्यूंच्या संहाराची सरकारी पातळीवर आखणी झाली ती वान्झेची बैठक २० जानेवारी १९४२ ची. त्या काळाशी आजच्या कुठल्याही निवडणूक लढवणाऱ्या पक्षाची तुलना केली, तर ती पहिल्या मिनिटालाच कोसळते. आणि ती कोसळली की त्या पक्षाचे समर्थक सुटकेचा श्वास सोडतात: बघा, गॅस चेंबर कुठे आहेत?

पण १९२८ मध्येही ते नव्हते. त्या वर्षी नाझींना २.६ टक्के मतं होती. १९३० मध्ये ती १८.३ टक्के झाली, जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. नोव्हेंबर १९३२ मध्ये ती ३३.१ टक्क्यांवर घसरली. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला, तेव्हाही मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी फक्त तीन होते.

म्हणून तुलना करणाऱ्याला आधी विचारावं, कुठल्या सालच्या नाझींबद्दल बोलताय? १९२० चा कागदावरचा कार्यक्रम? १९३० चा, राज्यात मंत्रिपद मागणारा पक्ष? १९३३ च्या वसंतातले ते आठ आठवडे, ज्यांत लोकशाही मोडली गेली? की १९४२? प्रत्येक सालाचं उत्तर वेगळं येतं.

दुसरं असं की तुलना एकदम अख्ख्या पक्षाची करू नये. जमीन घेताना आपण गेटवरची पाटी वाचून इसार देत नाही. सातबारा काढतो, जुने फेरफार बघतो, बोजा कुणाचा आहे ते बघतो. पक्षाच्या बाबतीतही रकाने वेगळे करावे लागतात. पक्ष माणसांबद्दल काय मानतो, म्हणजे देश कुणाचा समजतो, हा एक रकाना. सत्ता मिळवायला आणि टिकवायला काय करतो, हा दुसरा. आणि आसपासची परिस्थिती त्याला किती वाव देते, हा तिसरा.

थुरिंगिया, १९३०

हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते जर्मनीच्या मधोमध असलेल्या थुरिंगिया या छोट्या राज्यात. डिसेंबर १९२९ च्या निवडणुकीत तिथे नाझींना ११.३ टक्के मतं मिळाली, ५३ पैकी सहा जागा. इतर उजव्या आणि मध्यममार्गी पक्षांचं बहुमत या सहा जणांवाचून होत नव्हतं. हिटलरने अट घातली: गृह आणि शिक्षण ही दोन खाती आमच्याकडे हवीत. गृह म्हणजे पोलीस, शिक्षण म्हणजे शाळा आणि विद्यापीठं. आर्थिक खाती त्याने मागितलीच नाहीत. सौदा झाला आणि २३ जानेवारी १९३० रोजी विल्हेल्म फ्रिक जर्मनीतल्या कुठल्याही राज्यातला पहिला नाझी मंत्री झाला.

पुढच्या चौदा महिन्यांत फ्रिकने काय केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. शाळांमध्ये नव्या प्रार्थना आणल्या. देशद्रोह्यांपासून आणि परक्यांपासून आमची सुटका कर, अशा आशयाच्या. येना विद्यापीठात प्राध्यापकांचा विरोध असताना हान्स ग्युंथर या लेखकासाठी वंशशास्त्राचं खास पद निर्माण केलं. ‘निग्रो संस्कृतीविरुद्ध, जर्मन संस्कृतीसाठी’ असा फतवा काढला, जॅझ संगीतापासून नाटकांपर्यंत सगळ्यांवर नजर ठेवायला. वायमारमधल्या एका इमारतीत ऑस्कर श्लेमर या चित्रकाराची भित्तिचित्रं होती, ती ऑक्टोबर १९३० मध्ये नष्ट केली गेली. पोलीस खात्यात आपली माणसं घुसवली. हिटलरकडे तेव्हा जर्मन नागरिकत्व नव्हतं. ते मिळावं म्हणून त्याला एका लहान गावात पोलीस अधिकारी दाखवण्याची खटपटही फ्रिकने केली. ती फसली.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९३० मध्ये यंत्रणा अजून जिवंत होती. प्रार्थनांचं प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेलं आणि त्यातल्या काही घटनाबाह्य ठरल्या. केंद्रातल्या गृहखात्याने थुरिंगियाच्या पोलिसांचा निधी अडवला. १ एप्रिल १९३१ रोजी अविश्वास ठराव झाला आणि फ्रिकचं मंत्रिपद गेलं. गोष्ट तिथेच संपली असती तर आज ती कुणाला आठवलीही नसती. पण दोन वर्षांनी तोच फ्रिक देशाचा गृहमंत्री झाला आणि थुरिंगियात हात बसलेलं काम सगळ्या जर्मनीत करू लागला. १६ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यूरेंबर्गमध्ये त्याला फाशी झाली.

थुरिंगिया, २०२४

१ सप्टेंबर २०२४ रोजी याच राज्यात एएफडी ३२.८ टक्के मतं घेऊन पहिली आली. युद्धानंतरच्या जर्मनीत एखाद्या राज्याच्या निवडणुकीत अतिउजवा पक्ष पहिला येण्याची ही पहिली वेळ. राज्यातला पक्षाचा नेता ब्यॉर्न ह्यॉके. पेशाने इतिहासाचा शिक्षक. २०१७ मध्ये ड्रेस्डेनला भाषण करताना बर्लिनच्या ज्यू स्मारकाला त्याने लाजेचं स्मारक म्हटलं होतं आणि भूतकाळाच्या आठवणीबाबत जर्मनीने १८० अंशांत वळावं असं सुचवलं होतं. २०२१ च्या एका सभेत त्याने भाषण संपवलं ते ‘सगळं जर्मनीसाठी’ या घोषणेने. हिटलरच्या तपकिरी गणवेशातल्या एसए या झुंडीची ही घोषणा. त्यांच्या खंजिरांच्या पात्यावर ती कोरलेली असे आणि आजच्या जर्मनीत ती वापरणं गुन्हा आहे. ह्यॉकेने कोर्टात सांगितलं, मला हा इतिहास माहीत नव्हता. कोर्टाने मे २०२४ मध्ये १३,००० युरो दंड केला. खटला येणार हे ठाऊक असताना त्याने दुसऱ्या सभेत घोषणेचा अर्धा भाग स्वतः उच्चारला आणि उरलेला शब्द श्रोत्यांकडून वदवून घेतला. त्याबद्दल जुलैत आणखी १६,९०० युरो.

त्याला फॅसिस्ट म्हणता येतं का, यावरही कोर्ट बोललेलं आहे. २०१९ मध्ये आयझेनाख शहरात निदर्शकांना हा शब्द वापरायला स्थानिक प्रशासनाने मनाई केली. मायनिंगेनच्या प्रशासकीय न्यायालयाने ती मनाई उठवली. हा शब्द म्हणजे एक मत आहे, पण ते हवेतून आणलेलं नाही, त्याला तपासून पाहता येईल असा आधार आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. ह्यॉके फॅसिस्ट आहे असा निकाल मात्र न्यायालयाने दिला नाही. बातम्यांत नेमका हाच फरक गळून पडतो.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी नव्या विधानसभेची पहिली बैठक भरली. प्रथेप्रमाणे सर्वांत वयस्कर सदस्य अध्यक्षस्थानी बसतो, आणि ते होते एएफडीचे. कामकाजाचे नियम बदलण्याचा इतर पक्षांचा ठराव ते मतालाच टाकेनात. तासन्‌तास गोंधळ चालला. तेव्हा ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे आंद्रेआस ब्यूल त्यांना म्हणाले, तुम्ही हे जे करताय ते सत्ता बळकावणं आहे. त्यासाठी त्यांनी वापरलेला जर्मन शब्द १९३३ च्या हिटलरच्या सत्ताग्रहणासाठीच वापरला जातो. सभागृहातल्या प्रत्येकाला तो अर्थ कळला.

ही तुलना रास्त होती का? माझ्या मते अर्धवट. ३२ जागांचा पक्ष ८८ जणांच्या सभागृहाला एका खुर्चीवरून अडवून धरतो, नियमांच्या आडोशाने नियमांचाच गळा आवळतो, हे १९३० च्या आसपासच्या नाझींच्या वागण्याच्या जवळ जातं. लोकशाही मोडायलाच आपण संसदेत जातोय असं त्या वेळचे नाझी उघड सांगत. पण ब्यूल यांच्या पक्षाने प्रकरण राज्याच्या घटनात्मक न्यायालयात नेलं, न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी आदेश दिला, आणि २८ तारखेला त्या वयस्कर सदस्याने तो पाळला. नवा अध्यक्ष रीतसर निवडला गेला. १९३३ मध्ये असा आदेश देणारंही कुणी उरलं नव्हतं आणि पाळणारंही.

मग एएफडी नाझी आहे की नाही?

पहिला रकाना: देश कुणाचा. पक्षाचा कागद स्वच्छ आहे. वंश कोणताही असो, जर्मन नागरिकत्व असलेला प्रत्येक जण जर्मन जनतेचा भाग आहे, असं पक्षाच्या नेत्यांनी जानेवारी २०२१ मध्ये लिहून दिलं. हे १९२० च्या चौथ्या कलमाच्या अगदी उलट आहे. तरीही मे २०२४ मध्ये म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटलं, की परदेशी मुळं असलेल्या जर्मन नागरिकांना कायद्याने कमी दर्जा द्यावा असा पक्षातल्या किमान एका महत्त्वाच्या गटाचा हेतू असल्याचे पुरेसे संकेत आहेत. नेत्यांची भाषणं, पोस्ट, बैठका असा ढीग न्यायालयासमोर होता.

नागरिकांमध्ये दोन पायऱ्या पाडण्याची कल्पना हा १९३५ च्या कायद्यांचा गाभा होता, आणि म्हणून माझ्या मते साम्य असेल तर ते इथेच आहे. फरकही तितकाच स्पष्ट सांगायला हवा. नाझींनी ते छापून जाहीर केलं होतं. इथे कागद एक सांगतो आणि माणसं दुसरं बोलतात. त्यातलं खरं कोणतं, यावरच खटले चालू आहेत.

दुसरा रकाना: मार्ग. एएफडीकडे एसए नाही. १९३२ मध्ये त्या संघटनेत लाखो तरुण होते आणि निवडणूक म्हणजे रस्त्यावरचं युद्ध होतं. १७ जुलै १९३२ रोजी आल्टोना या एकाच ठिकाणी १८ माणसं मेली. ही उणीव किरकोळ नाही. गणवेशातली दहशत वजा केली तर १९३३ घडलंच नसतं. आजच्या युरोपात या रकान्यातही नाझींच्या जवळ गेलेला पक्ष म्हणजे ग्रीसमधला ‘गोल्डन डॉन’. २०१२ मध्ये तो सात टक्के मतं घेऊन संसदेत पोचला. त्याच्या टोळ्या स्थलांतरितांवर हल्ले करत. सप्टेंबर २०१३ मध्ये पावलोस फिसास या संगीतकाराचा खून झाला, आणि ७ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रीक न्यायालयाने पक्षाच्या नेतृत्वाला गुन्हेगारी टोळी चालवल्याबद्दल दोषी ठरवलं. त्याला नवनाझी म्हणताना फारसे किंतु-परंतु लागत नाहीत. एएफडीला म्हणताना लागतात, आणि ते लावले पाहिजेत.

तिसरा रकाना, परिस्थितीचा. १९३२ च्या जर्मनीत ६० लाख बेकार होते आणि राष्ट्राध्यक्षाला तेव्हाच्या वायमार राज्यघटनेच्या कलम ४८ खाली वटहुकमाने देश चालवता येत होता. आज तसं कलमच नाही.

‘पण नाझी तर समाजवादी होते’

पक्षाच्या नावात ‘समाजवादी’ हा शब्द होता, त्यामुळे हा आक्षेप दर काही दिवसांनी येतो. एएफडीच्या सहअध्यक्षा अलिस वायडेल जानेवारी २०२५ मध्ये इलॉन मस्क यांच्याशी जाहीर गप्पा मारताना त्याच्याही पुढे गेल्या आणि हिटलर कम्युनिस्ट होता म्हणाल्या.

तारखा बघा. २२ मार्च १९३३ रोजी डाखाऊची छळछावणी उघडली, आणि तिथले सुरुवातीचे कैदी बहुतांश कम्युनिस्ट आणि समाजवादी लोकशाहीवादी होते. दुसऱ्याच दिवशी हिटलरला अमर्याद सत्ता देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. विरोधातली ९४ मतं सगळीच्या सगळी समाजवादी लोकशाहीवाद्यांची; कम्युनिस्टांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं. २ मे रोजी कामगार संघटनांची कार्यालयं ताब्यात घेतली. पक्षात समाजवादाची भाषा बोलणारा ग्रेगोर श्ट्रासर ३० जून १९३४ रोजी हिटलरने स्वतःच्याच माणसांचं जे हत्याकांड केलं त्यात मारला गेला. कारखाने मालकांकडेच राहिले. ज्यू मालकांचे मात्र लुटले गेले.

‘अध्यक्षाच समलिंगी, मग कसले नाझी?’

मस्क यांनीही डिसेंबर २०२४ मध्ये एका जर्मन वृत्तपत्रातल्या लेखात हेच विचारलं होतं. वायडेल यांची जोडीदार स्त्री आहे आणि तिचा जन्म श्रीलंकेचा आहे. नाझी राज्यात समलिंगी पुरुषांना छावण्यांत टाकत, हे खरं. त्यामुळे या मुद्द्यावर फरक आहे, तो मान्य करावा. पण नेत्याच्या घरावरून पक्षाचा कार्यक्रम ठरत नाही. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. स्थलांतरितांना मोठ्या प्रमाणावर परत पाठवण्यासाठी जो शब्द पक्षातले नेते आधी टाळत असत, ‘रेमिग्रेशन’ म्हणजे परतवणी, तो जानेवारी २०२५ च्या अधिवेशनात पक्षाच्या जाहीरनाम्यात गेला, आणि व्यासपीठावरून वायडेल यांनीच तो ठासून उच्चारला. परतवणी नक्की कुणाची? ज्यांना कायद्याने राहता येत नाही त्यांचीच, असं पक्ष म्हणतो. उत्तर पहिल्या रकान्यात तपासायचं.

‘एक कोटी मतदार काय नाझी आहेत?’

नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे १ कोटी ३ लाख लोकांनी एएफडीला मत दिलं. त्यांत घरभाड्याने पिचलेले आहेत, पूर्व जर्मनीत कारखाने बंद पडलेले पाहिलेले आहेत, स्थलांतराबद्दल खरोखरच काळजीत असलेले आहेत. त्या सगळ्यांवर हा शब्द फेकणं अन्यायाचं आहे. शिवाय त्याने ते आणखी दूर जातात.

पण याच आक्षेपाची दुसरी बाजूही ऐका. जुलै १९३२ मध्ये १ कोटी ३७ लाख लोकांनी नाझींना मत दिलं. त्यांतल्या कितीतरी जणांना काम हवं होतं, शेतमालाला भाव हवा होता, रस्त्यावर शांतता हवी होती. छावण्या मागायला ते गेले नव्हते. मतदाराच्या मनात काय होतं याने सत्तेत गेलेल्या पक्षाचा हात अडला नाही. म्हणून मतदार आणि पक्ष यांचा हिशोब वेगळा ठेवावा, दोन्ही बाजूंनी.

‘ही तुलना म्हणजे मेलेल्यांचा अपमान’

हा आक्षेप मी सगळ्यांत गंभीरपणे घेते. साठ लाख ज्यू, लाखो रोमा, पोलिश आणि सोव्हिएत नागरिक, रुग्णालयांतून उचलून मारलेले अपंग आणि मनोरुग्ण. यांचं नाव घेऊन रोजचं राजकीय भांडण भांडणं ओंगळ आहे. कोरोनाच्या काळात लसविरोधी निदर्शकांनी छातीवर ज्यूंचा पिवळा तारा लावला आणि त्यावर ‘लस न घेतलेला’ असं लिहिलं. नोव्हेंबर २०२० मध्ये साथरोग कायद्यातल्या दुरुस्तीला एएफडीनेच हिटलरला अमर्याद सत्ता देणाऱ्या १९३३ च्या त्या कायद्याचं नाव देऊन टाकलं. संसद चालू होती, न्यायालयं ते निर्बंध तपासत होती, काही रद्दही करत होती. इथे तुलनेने काही उलगडत नाही, फक्त दुःख उसनं घेतलं जातं.

थुरिंगिया १९३० ची आठवण काढताना तसं होत नाही. तिथे कुणी कुणाच्या मरणाशी बरोबरी सांगत नाही. सहा जागांना दोन खाती कशी मिळाली, एवढंच विचारलं जातं.

दार उघडणारे

या सगळ्या चर्चेत मला सर्वांत जास्त खटकतं ते हे, की आपण डोळे फक्त एकाच पक्षावर लावून बसतो. मुक्त निवडणुकीत नाझींना कधीच बहुमत मिळालं नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये तर त्यांची वीस लाख मतं आणि ३४ जागा घटल्या होत्या. त्यांना सत्तेत नेलं ते माजी चॅन्सेलर फ्रान्झ फॉन पापेन आणि वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्याभोवतीच्या प्रतिष्ठित मंडळींनी. हिटलरची गर्दी आपल्याला वापरता येईल आणि त्याला आपण आवरू, असा त्यांचा हिशोब होता. चारच आठवड्यांत, २७ फेब्रुवारी १९३३ ला संसदभवनाला आग लागली. दुसऱ्या दिवशी हिंडेनबुर्गच्याच सहीने नागरी हक्क स्थगित झाले. १४ जुलैपर्यंत जर्मनीत दुसरा पक्ष काढणंही गुन्हा ठरलं.

म्हणून आजच्या जर्मनीत इतर पक्षांनी एक अलिखित नियम पाळला आहे. ते त्याला अग्निरोधक भिंत म्हणतात: एएफडीसोबत सरकार नाही, तिच्या मतांवर ठराव नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी त्या भिंतीला तडा गेला. ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे फ्रिडरिख मेर्झ यांनी स्थलांतरावरचा ठराव आणला आणि तो ३४८ विरुद्ध ३४५ मतांनी, एएफडीच्या पाठिंब्याने संमत झाला. त्याच दिवशी त्याच सभागृहात नाझींच्या बळींना श्रद्धांजली वाहिली गेली होती. मेर्झ पापेन नाहीत. ठराव बंधनकारक नव्हता, आणि निवडणुकीनंतर त्यांनी सरकार बनवलं ते समाजवादी लोकशाहीवाद्यांबरोबर. पण ‘१९३३ परत येतंय का’ असं विचारायचं असेल तर तो प्रश्न एएफडीइतकाच मेर्झ यांनाही विचारायला हवा.

‘मग बंदी घाला की’

जर्मन राज्यघटनेच्या कलम २१ खाली पक्षावर बंदी घालता येते, पण ती फक्त घटनात्मक न्यायालयच घालू शकतं. १९५२ मध्ये नाझींचा वारसा सांगणाऱ्या एका पक्षावर आणि १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर अशी बंदी आली. २०१७ मध्ये न्यायालयाने एनपीडी या छोट्या अतिउजव्या पक्षाबद्दल म्हटलं, की त्याची उद्दिष्टं घटनाविरोधी आहेत, पण ती तडीला नेण्याइतकी ताकद त्याच्यात नाही, म्हणून बंदी नाही. एएफडीबाबत ताकदीचा प्रश्न उरलेला नाही. तिथे उद्दिष्ट सिद्ध करावं लागेल. आणि पाचातल्या एका मतदाराचा पक्ष बंद केल्यावर तो मतदार कुठे जाईल, याचं उत्तर कुठल्याच न्यायालयाकडे नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे हे शब्द दोन्ही बाजूंनी फेकले जातात, आणि रकाने क्वचितच पाहिले जातात. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे मार्च १९३१ मध्ये रोममध्ये मुसोलिनीला भेटले, तिथल्या तरुणांच्या लष्करी शिक्षणाने प्रभावित झाले आणि १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं. हा नोंदलेला इतिहास आहे. पण त्यावरून आजच्या एखाद्या पक्षाबद्दल थेट निकाल देता येत नाही. त्यासाठी त्या पक्षाची आजची भाषणं, आजचे कायदे आणि नागरिकत्वाबद्दलची आजची भूमिका एकेक करून तपासावी लागते.

दुसऱ्या बाजूने, १९७५ च्या आणीबाणीला हिटलरशाही म्हटलं जातं. मार्गाच्या रकान्यात साम्य खरंच आहे: घटनेतल्याच तरतुदीचा आधार, विरोधकांना तुरुंग, वृत्तपत्रांवर सेन्सॉर. विचाराच्या रकान्यात मात्र वंश नाही. आणि १९७७ मध्ये निवडणूक झाली, इंदिरा गांधी हरल्या आणि पायउतार झाल्या.

एमपीएससीचा अभ्यास केलेल्यांना एक ओळ पाठ असते: आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करण्याची तरतूद आपण जर्मनीच्या वायमार राज्यघटनेतून घेतली. म्हणजे हिंडेनबुर्गने २८ फेब्रुवारी १९३३ ला ज्या कलम ४८ वर बोट ठेवून सही केली, त्याच घटनेतून. ती तरतूद आपल्याकडे अजूनही आहे, फक्त तिला कुंपण पडलं आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचं कारण काढून तिथे ‘सशस्त्र उठाव’ घातलं, घोषणेसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला, आणि कलम २० व २१, म्हणजे गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण आणि जगण्याचा हक्क, कुठल्याही आणीबाणीत स्थगित करता येणार नाहीत असं लिहून ठेवलं.